दुसऱ्या आठवड्याचा प्रेक्षक

सरत्या वर्षातील चित्रपटांचा हिशेब मांडताना आता बहुधा एकच माप वापरले जाते. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवसांत तिकीटखिडकीवर किती गल्ला जमला, हे ते माप होय. २०२५ सालचा ताळेबंदही याच मापाने मांडला गेला. फेब्रुवारीत ‘छावा’, जुलैत ‘सैयारा’ आणि डिसेंबरात ‘धुरंधर’ यांनी कोटींची उड्डाणे केली; मराठीत सप्टेंबरातील ‘दशावतार’ने निर्मात्यांना हुरूप दिला. या आकड्यांत खोटे असे काही नाही. परंतु तो विक्रेत्याचा हिशेब आहे. प्रेक्षकाने वर्षभरात काय पाहिले, काय पाहावयाचे राहून गेले आणि राहून जाण्याची कारणे कोणती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडावयाचा झाल्यास मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकापेक्षा कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडीसारख्या गावातील चित्ररसिक अधिक उपयोगी पडावा.

हा चित्ररसिक म्हणजे कोणी एक व्यक्ती नव्हे. तो कुरुंदवाडच्या शाळेतील शिक्षक असेल, शिरोळच्या एखाद्या कचेरीतील कारकून असेल, जयसिंगपूरच्या महाविद्यालयात रोज एस.टी.ने जाणारा विद्यार्थी असेल किंवा मंदिराच्या वाटेवर पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी विकणारा दुकानदार असेल. त्याला चित्रपटाचे वेड आहे, थोडीफार जाण आहे. मात्र चित्रपट पाहावयाचा तर त्याला गाव सोडावे लागते. जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा सांगली-मिरज गाठावे लागते. मोठा बेत असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटरवरील कोल्हापूर. म्हणजे दोन-अडीच तासांच्या चित्रपटासाठी त्याचा अर्धा दिवस खर्ची पडतो. अर्थशास्त्रात ज्याला त्यागखर्च म्हणतात, तो येथे तिकिटाच्या दरापेक्षा मोठा असतो. शहरातील प्रेक्षक कंटाळा आला म्हणून चित्रपटाला जाऊ शकतो. वाडीच्या रसिकाला तसे करता येत नाही. त्याला आधी खात्री करून घ्यावी लागते. कोणी पाहून आलेला भेटतो, चहाच्या टपरीवर किंवा शिक्षकांच्या खोलीत चर्चा होते, ‘जाऊन ये, बरा आहे’ असा निर्वाळा मिळतो आणि मग बेत ठरतो. या साऱ्याला आठवडा लागतो, कधी दोन लागतात. बाजारपेठेच्या भाषेत बोलायचे तर हा दुसऱ्या आठवड्याचा ग्राहक आहे.

त्याच्या उशिराला आणखी एक कारण आहे, आणि ते वाडीपुरते खास आहे. हे गाव यात्रेवर चालते. गुरुवार, सुटीचे वार आणि पौर्णिमा हे येथील कमाईचे दिवस. भाविकांना सुटी असते तेव्हा वाडीचा दुकानदार, खानावळवाला, पुजारी, रिक्षावाला यांना डोके वर काढायला सवड नसते. चित्रपट-व्यवसाय ज्या तीन दिवसांवर आपले सारे भवितव्य टांगतो, नेमक्या त्याच दिवसांत हे गाव कामाला जुंपलेले असते. २०२५ सालचे पंचांग समोर ठेवावे. ‘छावा’ १४ फेब्रुवारीला प्रदर्शित झाला. त्याच्या आदल्या दिवशी गुरुप्रतिपदा होती. ‘धुरंधर’ ५ डिसेंबरला आला. आदल्या दिवशी, ४ डिसेंबरला, दत्तजयंती होती. दत्तजयंती आटोपल्यानंतर गावाला जो शीण येतो, तो उतरायलाच दोन दिवस लागतात. मग पहिल्याच शुक्रवारी रांगेत उभे राहण्याची गोष्ट कशाला? जुलै-ऑगस्टची कथा तर निराळीच. कृष्णेचे पाणी चढून दक्षिणद्वार सोहळा होतो तेव्हा भाविक आनंदतात, पण पाणी आणखी चढले की आजूबाजूचे रस्ते एकेक करून बंद होतात. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत तर सबंध शिरोळ तालुक्याचेच जिणे उसवले होते. अशा दिवसांत आलेला चित्रपट वाडीच्या लेखी आलेलाच नसतो.

उशिरा येणारा हा प्रेक्षक जुन्या व्यवस्थेत उपेक्षित नव्हता. ती व्यवस्था जणू त्याच्यासाठीच बेतलेली होती. याचे श्रेय कोणाच्या औदार्याला द्यावयाचे कारण नाही. ते जाते सेल्युलॉइडच्या किमतीला. चित्रपटाची एकेक प्रत काढायला हजारो रुपये पडत. त्यामुळे निर्माता मोजक्या प्रती काढी आणि प्रत्येक प्रतीकडून शक्य तेवढे काम करून घेई. प्रत आधी मुंबई-पुण्यात चाले, मग कोल्हापूर-सांगलीला येई, तेथून इचलकरंजी-जयसिंगपूरसारख्या व्यापारी गावांत जाई आणि शेवटी रेघा उमटलेली, गाणी तुटलेली अशी जत्रेच्या तंबूत दाखल होई. रिळांच्या पेट्यांचा हा प्रवास महिनोन्‌महिने चाले. गावाला चित्रपट शिळा मिळे हे खरे; पण तो मिळे, आणि मिळाल्यावर काही दिवस मुक्कामाला राही. अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या आसपास चालला. दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी एकामागून एक रौप्यमहोत्सव साजरे केले. पंचवीस आठवडे एका पडद्यावर राहणाऱ्या चित्रपटाला केवळ त्या शहराचे रहिवासी पुरे पडत नाहीत. बाजाराला, कचेरीच्या कामाला, लग्नाच्या खरेदीला आलेली आसपासची खेडी त्या पंचवीस आठवड्यांत सामील असत. रौप्यमहोत्सवात खेड्याचा वाटा मोठा होता, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासात पुरेशी नोंदली गेलेली नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात तर हे विशेष जाणवावे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथली. ‘सैरंध्री’ (१९२०) आणि सावकारीखाली भरडलेल्या शेतकऱ्याची कहाणी सांगणारा ‘सावकारी पाश’ (१९२५) हे चित्रपट येथे घडले. १९२९ साली प्रभात कंपनी येथेच स्थापन झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला जाण्यापूर्वी तिने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) येथेच काढला. पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओने कित्येक वर्षे हा वारसा चालवला. चित्रपट तयार करण्याचा अभिमान या जिल्ह्याच्या रक्तात आहे. तो दाखवण्याच्या व्यवस्थेविषयी मात्र अभिमानही नाही आणि चिंताही नाही.

२००५ नंतरच्या दशकात रिळे गेली आणि उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवरून चित्रपट पोहोचू लागला. जादा प्रतीचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला. जयसिंगपूरला आणि दादरला एकाच शुक्रवारी एकच चित्रपट लागू लागला, तेव्हा लहान गावांना न्याय मिळाल्याची भावना झाली. ती काही अंशी योग्यच होती. परंतु प्रतीचा तुटवडा संपला त्याच क्षणी प्रत टिकवून धरण्याची गरजही संपली. एकाच दिवशी हजारो पडद्यांवर चित्रपट झळकवायचा, जाहिरातीच्या भडिमाराने तीन दिवसांत मिळेल तेवढे वसूल करायचे आणि पुढच्या शुक्रवारी दुसऱ्याला जागा करून द्यायची, हा नवा शिरस्ता पडला. चित्रपट नाशवंत माल झाला. पूर्वी गाव चित्रपटाची वाट पाहत असे, आणि त्याची वाट पाहणे फुकट जात नसे. आता चित्रपट वेळेवर येतो, पण गावाची वाट पाहत नाही. जत्रेतील तंबूंचीही या बदलात वाताहत झाली. महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटवाल्यांची ही उतरती कळा टिपणाऱ्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या अनुबोधपटाला २०१६ साली कान महोत्सवात गौरवाचा उल्लेख मिळाला. जगाने त्याची दखल घेतली. आपल्याकडे किती जणांनी घेतली?

दुसऱ्या आठवड्याचा प्रेक्षक आता उरलाच नाही, असा एक युक्तिवाद केला जातो. तो टिकणारा नाही. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याचा दुसऱ्या आठवड्याचा गल्ला पहिल्या आठवड्याहून मोठा ठरला. बायकांनी बायकांना सांगितले, भिशीमंडळे आणि महिला मंडळे गटागटाने निघाली. त्याच वर्षी १७ मार्चपासून एस.टी.त महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाला होता. या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडण्याचा मोह आवरलेला बरा. तरीपण घराबाहेर पडण्याचा खर्च निम्म्यावर आला की घराबाहेरच्या करमणुकीची मागणी वाढते, हे सांगायला मोठ्या सिद्धांताची आवश्यकता नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’च्या वेळी (२०१६) तर प्रेक्षकांची रीघ आवरेना म्हणून साताऱ्याकडील लहान गावांत मध्यरात्रीचे खेळ लावावे लागले होते. २०२५ मध्ये ‘दशावतार’ १२ सप्टेंबरला, ऐन पितृपक्षात आला. शुक्रवारपेक्षा शनिवार-रविवारची गर्दी वाढती राहिली आणि पुढील आठवड्यांतही त्याला पडदे मिळाले. हे सारे तोंडी शिफारशीचे बळ आहे. मराठी चित्रपटाजवळ प्रसिद्धीचा पैसा नसतो. तोंडी शिफारस हेच त्याचे भांडवल, आणि या भांडवलावर व्याज चढायला दहा-बारा दिवस लागतात.

हे दिवस ज्याला मिळत नाहीत त्याचे काय होते, हेही त्याच वर्षाने दाखवले. १८ जुलै २०२५ रोजी ‘ये रे ये रे पैसा ३’ आणि ‘सैयारा’ एकाच दिवशी प्रदर्शित झाले. हिंदी चित्रपटाची गर्दी उसळल्यावर मराठी चित्रपटाचे खेळ कमी केले जात असल्याची तक्रार झाली आणि राजकीय पक्ष नेहमीप्रमाणे मैदानात उतरले. चित्रपट चांगला की वाईट हा मुद्दा येथे गौण आहे. तो ठरवण्याची संधी प्रेक्षकाला मिळाली काय, एवढाच प्रश्न आहे. १९७१ साली ‘सोंगाड्या’साठी दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहासमोर झालेले आंदोलन आजही आवर्जून सांगितले जाते. पण आंदोलनाने एखादा चित्रपट वाचतो. दर शुक्रवारी आंदोलन करून व्यवसाय चालत नाही.

आता दराकडे वळावे. येथे धोरणकर्त्यांनी काही बरे केले आहे, हे मान्य केले पाहिजे. जुन्या करमणूक कराच्या काळात महाराष्ट्रात मराठी चित्रपट करमुक्त होते आणि हिंदीवर मोठा कर होता. मराठीला किमतीचा एक नैसर्गिक आडोसा होता. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि हा आडोसा गेला. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर १८ टक्के आणि त्यावरील तिकिटावर २८ टक्के असा कर सर्व भाषांना सारखाच लागू झाला. १ जानेवारी २०१९ पासून हे दर १२ आणि १८ टक्के झाले आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर केवळ ५ टक्के कर राहिला. वरचा दर १८ टक्केच ठेवण्यात आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ करमुक्त करण्याची मागणी झाली तेव्हा करमणूक कर आपण २०१७ सालीच रद्द केला आहे, असे मुख्यमंत्र्यांना सांगावे लागले. करमाफीचे जुने हत्यार राज्याच्या हातून कसे निसटले, हे त्या उत्तरातून दिसले.

नव्या दरांचा अर्थ वाडीच्या रसिकासाठी काय होतो? चित्रपटगृहाने मूळ दर शंभर रुपये ठेवला तर प्रेक्षक १०५ रुपये देतो. दर एक रुपयाने वाढवून १०१ केला तर प्रेक्षकाला ११९ रुपये १८ पैसे मोजावे लागतात. मालकाच्या पदरात एक रुपया जादा पडतो, प्रेक्षकाच्या खिशातून चौदा रुपये जास्त जातात. तालुक्याच्या गावातील एकपडदा चित्रपटगृहाला शंभराच्या आत राहण्याचे इतके सबळ कारण पूर्वी कधी नव्हते. समजा, चौघांचे कुटुंब दीडशे रुपये मूळ दराच्या बहुपडदा चित्रपटगृहात गेले, तर करासह ७०८ रुपये होतात. शंभर रुपयांच्या एकपडदागृहात ४२०. या २८८ रुपयांच्या फरकात चौघांचा एस.टी.चा खर्च निघू शकतो, विशेषतः त्यातील महिलांचे तिकीट अर्धे असेल तर. शेजारच्या कर्नाटकाने याच सप्टेंबर महिन्यात तिकिटावर दोनशे रुपयांची कमाल मर्यादा घातली आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. हुकमाने दर उतरवण्यापेक्षा कराच्या पायरीने ते उतरवणे अधिक टिकाऊ, असेच यावरून म्हणावे लागेल.

मात्र स्वस्त तिकिटाचा उपयोग कधी होईल? चित्रपट पडद्यावर असेल तेव्हा. २३ सप्टेंबर २०२२ रोजी राष्ट्रीय चित्रपटदिनानिमित्त देशभर ७५ रुपयांत तिकिटे मिळाली आणि चित्रपटगृहे तुडुंब भरली. दर उतरला की मागणी केवढी उसळते याचा तो धडा होता. २०२५ मध्ये एका बड्या साखळीने मंगळवारी ९९ रुपयांपासून तिकिटे देण्यास प्रारंभ केला. हा मंगळवार वाडीसाठी सोन्याचा. भाविक कमी, दुकानात एक माणूस पुरे, कारकुनाला रजा टाकायला सोपा वार. पण पहिल्या मंगळवारपर्यंत मराठी चित्रपट उरतो तो बहुधा सकाळी साडेनऊच्या खेळापुरता. त्या वेळी वाडीचा माणूस सांगलीला पोहोचायचा तर पहाटेच उठून निघायला हवे. आणि पहाटे उठून देवळात जावे, चित्रपटाला नव्हे, असे मानणारे हे गाव आहे!

शासनाचे धोरण या जागी थबकलेले दिसते. आजवर जे काही झाले ते बहुतांशी निर्मितीसाठी. करपरताव्याच्या योजनेपासून दर्जानुसार मिळणाऱ्या अनुदानापर्यंत साऱ्या योजना चित्रपट तयार व्हावा यासाठी आहेत. कोल्हापूरजवळ मोरेवाडीला चित्रनगरी उभी आहे; तेथे चित्रीकरण होते. २०१५ साली बहुपडदा चित्रपटगृहांत मराठी चित्रपटाला मोक्याच्या वेळेचा खेळ देण्याची सक्ती करण्यात आली. संध्याकाळचे बंधन पुढे सैल होऊन दुपारी बारा ते रात्री नऊ असे झाले. त्या निर्णयामागील हेतू चांगला होता. परंतु तो चित्रपटाच्या वेळेविषयी बोलला, मुदतीविषयी नाही. बहुपडदा चित्रपटगृहे शहरांत. म्हणून त्याचा लाभही शहरात. केरळात १९७५ साली स्थापन झालेले राज्य चित्रपट विकास महामंडळ स्वतःची चित्रपटगृहे चालवते. महाराष्ट्राने ही वाट तंतोतंत गिरवावी असे नाही. सरकारी कारभाराचा अनुभव लक्षात घेता तसे सुचवताना हात आखडतो. पण अनुदानाचा काही भाग चित्रपट दाखवण्याशी जोडणे मुळीच अवघड नाही. अनुदान घेणाऱ्या चित्रपटाने दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात, सोमवार ते गुरुवार, ठरावीक तालुक्यांच्या गावी शंभर रुपयांच्या आत एक सायंकाळचा खेळ द्यावा. चित्रपटगृहाची त्या खेळातील तूट अनुदानातून भरावी. वीज, कामगार आणि रिकाम्या खुर्च्या यांचा हिशेब करणाऱ्या मालकाला दोष देण्यात अर्थ नाही. मंगळवारी संध्याकाळची रिकामी खुर्ची त्याला आजही काही मिळवून देत नाही; तोटा अंगावर येणार नाही एवढी हमी मिळाली तर तो खेळ लावील.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरबसल्या भ्रमणध्वनीवर चित्रपट दिसत असताना या आटापिटीची गरज काय? मोठ्या साखळ्यांनी हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांची अट घातली असल्याने थोडे थांबले की बहुतेक हिंदी चित्रपट घरी येतात, हे वाडीचा रसिक जाणतो. तो थांबतोही. परंतु त्याची निवड येथेही त्याच्या हाती नाही. जे चित्रपटगृहात चालले तेच घरच्या पडद्यासाठी चांगल्या किमतीला विकत घेतले जाते. तीन दिवसांत पडलेल्या मराठी चित्रपटाला तेथेही कोणी विचारत नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ च्या आरंभी सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवले, त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फीत ‘गोंधळ’साठी संतोष डावखर यांना दिग्दर्शनाचा रौप्यमयूर मिळाला. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या नावाची फिल्म सोसायटी महोत्सव भरवते, तेथे जाऊ शकणाऱ्याला असे चित्रपट भेटण्याची आशा असते. शिरोळ तालुक्यातील शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने या चित्रपटांची नावे वाचली ती वृत्तपत्रात. वर्षअखेरीस त्याच्या वहीत पाहिलेल्या चित्रपटांपेक्षा नुसत्या वाचलेल्या चित्रपटांची यादी लांब होते, ही त्याची खरी तक्रार आहे.

२०२६ चा आरंभही याच चालीने झाला. हेमंत ढोमे यांचा ‘क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम’ हा मराठी शाळेवरील चित्रपट १ जानेवारीला प्रदर्शित झाला. शिक्षकांच्या या तालुक्याला त्याविषयी कुतूहल असणार हे उघड आहे. तो दिवस गुरुवार होता. शनिवारी ३ जानेवारीला पौष पौर्णिमा आली आणि पाठोपाठ रविवार. चारही दिवस वाडीच्या पेढ्यांच्या दुकानांत गिऱ्हाईक. थोडी उसंत मिळण्याजोगा पहिला वार म्हणजे मंगळवार, ६ जानेवारी. त्या दिवशी सांगलीच्या एस.टी.त पाय ठेवणाऱ्याला एवढीच चौकशी आधी करून घ्यावी लागते, की चित्रपटाचा संध्याकाळचा खेळ अद्याप शाबूत आहे की नाही.